फिश टँक सांभाळून देण्याचा जोडधंदा: नोकरी करून जमेल का?

फर्स्टशिफ्ट

नमस्कार मंडळी,

मी नाशिकला, अंबडच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. कायमची पहिली पाळी, त्यामुळे साडेतीनला सुटतो, चारला घरी. घरात चार टाक्या आहेत. बायको त्याला पाणीपुरवठा खातं म्हणते. बिल्डिंगमधल्या आणि ओळखीपाळखीच्या टाक्या आजवर हौसेनं साफ करून दिल्या, चहा-पोह्यांवर. आता एका डॉक्टरांनी स्वतःहून सांगितलं, महिन्याचे पैसे ठरव आणि नेमानं येत जा. तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय.

बेत असा आहे. सिडको, इंदिरानगर, पाथर्डी फाटा, स्कूटरवर जमेल एवढाच पट्टा. महिन्याला दोन भेटी. दोन फुटी टाकीला भेटीचे २५०, चार फुटीला ४००. फक्त गोड्या पाण्याच्या टाक्या. मासे विकायचे नाहीत, नुसती देखभाल.

दर परवडेल का? वर्षाचा करार करावा की भेटीगणिक पैसे घ्यावेत? आणि झोप उडवणारा प्रश्न हा, की मी टाकी साफ करून गेलो आणि दुसऱ्या दिवशी मासा मेला, तर तो कुणाच्या नावावर?

ताकभात

आमच्या घरी मासे दोन दिवसांवर टिकत नाहीत. पहिल्या दिवशी तुकड्या, दुसऱ्या दिवशी मुरलेलं कालवण. शुभेच्छा!

गप्पीवाला

पुण्यात कोथरूड-वारजे भागात शनिवार-रविवार हेच करतो, नोकरी सांभाळून. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी शेवटचा प्रश्न, कारण बाकीचं सगळं त्यावर ठरतं. तुला ज्या टाक्या मिळणार, त्यातल्या निम्म्या आधी दुसरा कुणीतरी 'साफ' करत असणार. त्याची पद्धत ठरलेली. सगळे मासे बादलीत काढायचे, खडी कपड्याच्या पावडरीनं घासायची, फिल्टरचा स्पंज नळाखाली पिवळा निघेपर्यंत पिळायचा आणि टाकी काठोकाठ ताज्या पाण्यानं भरायची. टाकी लखलखीत, मालक खूश. आठवड्याभरात दोन मासे जातात. पुढच्या खेपेला तोच माणूस दोन नवीन मासे विकतो. असं वर्षानुवर्षं चालतं आणि घरातल्यांना वाटतं, मासे असेच मरतात.

माशाच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया होतो. स्पंजवर आणि खडीत वाढलेले जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट. पहिले दोन्ही माशाला विषारी, तिसरं बरंच सोसवतं आणि पाणी बदललं की निघून जातं. ही वसाहत नव्या टाकीत उभी राहायला चार ते सहा आठवडे लागतात. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन ती धुवून टाकतं. म्हणून पाणी बदलायचं ते पाव ते एक तृतीयांश. स्पंज पिळायचा तो टाकीतून काढलेल्याच पाण्यात, बादलीत, गाळ सुटेल इतपत. पांढरा करायचा नाही. भरायच्या पाण्यात क्लोरीन मारायला हायपो.

आता हे ग्राहकाला पटवणं. 'अहो, स्पंज अजून काळाच दिसतोय,' हे वाक्य तुला प्रत्येक घरात ऐकायला मिळणार. तू विकतोयस ती स्वच्छता त्यांच्या डोळ्यांना दिसणारी नाही. ज्याला हे पटत नाही, ती टाकी सोडून दे. गोड बोलून सोड, पण सोड. तिथेच मासे मरणार आणि तिथेच तुझं नाव खराब होणार.

पहिल्या भेटीत मी काहीही साफ करत नाही. मासे मोजतो, फोटो काढतो, अमोनिया, नायट्राइट आणि पीएच तपासतो आणि आकडे तिथल्या तिथे मालकाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो. त्या भेटीचे पैसे घेतो. ज्या टाकीत अमोनिया आधीच चढलेला आहे तिथे मासा मेला तर निदान कागद बोलतो.

दर कमी आहेत. ४०० च्या खाली स्कूटरला किक मारू नकोस.

कडूकिराईत

दहा टाक्या, वीस भेटी, २५० नं पाच हजार. त्यातून पेट्रोल, हायपो, स्पंज आणि तुझी कंबर. कारखान्यात ओव्हरटाइमला कायद्यानं दुप्पट दर मिळतो, तो कर आणि घरी मासे बघत बस. हौसेचा धंदा केला की हौस जाते आणि धंदाही होत नाही.

फर्स्टशिफ्ट

@गप्पीवाला, खूप आभार. पहिल्या भेटीची कल्पना उचलली.
@कडूकिराईत, ओव्हरटाइम मिळाला असता तर हा धागा काढलाच नसता.

दातदुखी

मी दंतवैद्य, म्हणजे इथे ग्राहक. वेटिंग रूममध्ये चार फुटी टाकी आहे. आतून ड्रिलचा आवाज येत असताना माणसांना बघायला काहीतरी लागतं, आणि टीव्ही लावला की त्यावर भांडणं होतात.

आम्हाला काय हवं ते सांगतो. ठरल्या दिवशी यावं. पेशंटसमोर बादल्या नकोत. मेलेला मासा पेशंटच्या आधी माझ्या माणसाला दिसला पाहिजे. एवढं सांभाळणाऱ्याला महिन्याला दोन हजार मी बिनबोभाट देतो. ४०० रुपये म्हणालास तर मला उलट शंका येईल. तुझी चारनंतरची वेळ मात्र दवाखान्यांना अडचणीची आहे, पाचला आमची संध्याकाळची ओपीडी सुरू होते. रविवार सकाळ धर.

आणि एक किस्सा, करारात लिहून ठेवण्यासारखा. क्लिनिकमध्ये रात्री झुरळांची फवारणी करून घेतली. टाकीवर झाकण होतं, त्यामुळे निर्धास्त होतो. पण एअर पंप चालूच राहिला. तो खोलीतली हवा ओढतो आणि थेट पाण्यात सोडतो. सकाळी सगळे एंजल पालथे. फवारणीवाल्यांनी हात वर केले, टाकीवाला म्हणाला मला विचारलंच नाही. दोघांचंही बरोबर होतं आणि पैसे माझे गेले. तेव्हा कागदावर ठळक लिही: फवारणी, रंगकाम, पॉलिश, काहीही असलं तरी दोन दिवस आधी कळवायचं. पंप दुसऱ्या खोलीत लांब नळीनं नेता येतो, टाकी ओल्या चादरीनं झाकता येते.

डॉक्टर म्हणून जाता जाता: हाताला चिरा, जखम असेल तर हातमोजे घाल. मासे-टाकीच्या पाण्यात क्षयाच्या जंतूंचा एक चुलतभाऊ असतो, मायकोबॅक्टेरियम मरायनम. बोटांवर महिनोन्महिने न भरणाऱ्या गाठी होतात आणि सांगितलं नाही तर निदान पटकन होत नाही. त्वचेच्या डॉक्टरकडे गेलास तर 'माझा टाक्यांचा धंदा आहे' हे पहिलं वाक्य बोलायचं.

ताकभात

क्षयाच्या जंतूंना चुलतभाऊ असतात हे आजच कळलं. वाटणीवरून भांडतात का?

कुर्लेकर

आमचं कुर्ल्याला दुकान, वडिलांपासून. दुकानदाराची बाजू कुणीतरी मांडायला हवी. वर दुकानदार म्हणजे मासे मारून मासे विकणारा असं चित्र झालंय.

माल येतो कोलकात्याहून आणि चेन्नईच्या कोलत्तूरहून, ऑक्सिजन भरलेल्या पिशव्यांत. दमलेला, उपाशी ठेवलेला मासा. तो आठवडाभर वेगळा ठेवून मग विकावा हे मलाही कळतं. पण गिऱ्हाईक रविवारी मुलाला घेऊन येतं आणि आजच पाहिजे म्हणतं. घरी जाऊन पिशवी थेट टाकीत ओततं. पाऊण तास पिशवी पाण्यावर तरंगू दे, तापमान जुळू दे, थोडं थोडं टाकीतलं पाणी पिशवीत घाल, हे सांगतो. कोण ऐकतं?

धाग्याबद्दल. मासे विकायचे नाहीत हे ठरवलंत ते बरोबर, मेलेल्या माशाची गॅरंटी गळ्यात पडत नाही. पण सामान विका. नुसत्या मजुरीवर या धंद्यात कुणी उभं राहिलेलं मी पाहिलं नाही. फिल्टर, खाणं, ट्यूब, हीटर, हायपो, मिथिलीन ब्लू यातच काय ते सुटतं. नाशिकच्याच एखाद्या दुकानदाराशी संधान बांधा, तो तुम्हाला भाव कमी लावेल आणि त्याची गिऱ्हाइकं तुमच्याकडे पाठवेल.

आणखी एक. 'जरा टाकी त्या कोपऱ्यात सरकवून द्या' असं म्हणणारे हमखास भेटतात. लांबी, रुंदी, उंची इंचात घ्या, गुणाकार करा आणि ६१ नं भागा, लिटर मिळतात. ४८ बाय १८ बाय १८ म्हणजे २५५ लिटर, म्हणजे तेवढेच किलो, वर काच आणि खडी. पाणी असताना सरकवायची नाही. तळाची काच तडकते, कधी लगेच, कधी मध्यरात्री. रिकामी करून सरकवण्याचे वेगळे पैसे.

गप्पीवाला

@कुर्लेकर, सामान विकायलाही मी थोडा कचरतो. महिन्याला 'हे औषध लागेल' म्हणायला लागलो की माझ्यात आणि त्या खडी धुणाऱ्यात फरक काय राहिला? निम्म्या वेळा पाणी बदलणं हेच औषध असतं.

कुर्लेकर

ते खरं. पण व्हाइट स्पॉट आला तर पाणी बदलून जात नाही. अंगावर रव्यासारखे पांढरे ठिपके दिसले की तापमान हळूहळू २८-३० पर्यंत न्यायचं, जाडं मीठ किंवा औषध, आणि ठिपके गेल्यावरही काही दिवस चालू ठेवायचं. तो परजीवी माशाच्या अंगावर असताना औषधाला दाद देत नाही, पाण्यात सुट्टा झाला की मरतो. ते औषध गिऱ्हाईक माझ्याकडून घेईल नाहीतर ऑनलाइन. तुमच्याकडून का नको?

हिशेबनीस

आकडेमोड माझ्याकडे लागली.

दहा दोन फुटी टाक्या, महिन्याला वीस भेटी, ४०० नं आठ हजार. पेट्रोल आणि किरकोळ सामान बाराशे धरू. उरले सहा हजार आठशे. प्रत्येक भेटीला सव्वा तास काम आणि अर्धा तास जाणंयेणं धरलं तर पस्तीस तास. तासाला १९४ रुपये. २५० च्या दरानं हेच गणित तासाला १०९ वर येतं. आता टाक्या एकाच सोसायटीत असल्या तर अर्ध्या तासाची पाच मिनिटं होतात. म्हणजे दर वाढवण्याबरोबर टाक्या जवळ आणणंही फायद्याचं. एकाच बिल्डिंगमधल्या तिघांना सवलत दे, पण पाथर्डी फाट्यावरून गंगापूर रोडला एका टाकीसाठी जाऊ नकोस.

कागदपत्रं: एकट्याच्या धंद्याला दुकाने-आस्थापना कायद्याखाली ऑनलाइन इंटिमेशन, म्हणजे नुसतं कळवणं, पुरतं. उद्यम नोंदणी फुकट आहे; पैसे मागणाऱ्या साइटवर करू नका. सेवेसाठी जीएसटीची मर्यादा वर्षाला वीस लाख, त्याची काळजी आत्ता करू नकोस. आयकरात अंदाजित नफ्याच्या योजनेत डिजिटल मिळकतीच्या सहा टक्के आणि रोखीच्या आठ टक्के नफा दाखवता येतो, त्यामुळे यूपीआयवरच पैसे घे. सगळ्यात आधी मात्र तुझं नेमणूकपत्र वाच. 'अन्य कोणताही व्यवसाय करणार नाही' असं वाक्य असेल तर एचआरकडून लेखी परवानगी घे, किंवा धंदा घरातल्या कुणाच्या तरी नावावर आणि तेही खरोखर काम करत असतील तरच.

कडूकिराईत

तासाला १९४! घरी गवंडी बोलवा, बघा किती मागतो.

पाणचट

कुणीतरी मत्स्य संपदा योजनेबद्दल लिहा ना. सबसिडी मिळते म्हणतात.

हिशेबनीस

मिळते, पण या कामाला नाही. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत परसबागेतल्या शोभिवंत मासे संगोपन युनिटसाठी तीन लाखांपर्यंतचा खर्च धरतात. सर्वसाधारण गटाला ४० टक्के, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के अनुदान. ते मासे वाढवायला. दुसऱ्याच्या टाक्या घासायला सरकार पैसे देत नाही.

मृण्मयी_आणि_मंडळी

इंदिरानगरचीच आहे, म्हणजे तुमच्या पट्ट्यातली. बाईच्या बाजूनं दोन शब्द.

चार ते सहा या वेळात घरी मी आणि मुलगी, कधी नुसत्या सासूबाई. अनोळखी माणूस दीड तास हॉलमध्ये असणं हे तुम्हाला वाटतं तेवढं सोपं नाही. गेटवर नोंद होईल असं ओळखपत्र ठेवा, आदल्या दिवशी मेसेज करा आणि पहिल्या वेळी बायकोला बरोबर आणलंत तर सोन्याहून पिवळं.

दुसरं, फरशी. आमच्याकडे पूर्वी येणारा माणूस टाकीचं काम उत्तम करायचा, पण हॉलपासून बाथरूमपर्यंत पाण्याची वाट. सासूबाई एकदा घसरता घसरता वाचल्या. त्यानंतर तो बंद. मासे जगले की मेले हा प्रश्नच आला नाही.

तिसरं, ते पाणी ओतून देऊ नका. माझ्या कुंड्यांना हवंय. जास्वंद त्या पाण्यावर फुलते.

गप्पीवाला

@मृण्मयी, लाख बोललात. माझ्या पिशवीत टेस्ट किटच्या आधी चार जुने टॉवेल असतात. बाथरूमपर्यंत पोचेल एवढी लांब नळी आणि छोटा सबमर्सिबल पंप घेतला की बादल्या वाहायच्याच नाहीत. टाकीच्या काठाला नळी चिमट्यानं बांधायची, नाहीतर ती उडी मारते आणि सगळा सोफा भिजतो. कुंड्यांना पाणी जरूर घाला, फक्त मीठ किंवा औषध घातलेलं नको.

@फर्स्टशिफ्ट, आणखी दोन गोष्टी राहिल्या. पाण्यात हात घालायच्या आधी सगळे प्लग काढ. नुसतं बटण बंद करून भागत नाही, जुन्या घरांत फेज-न्यूट्रल उलटे असतात. हीटर आधी बंद करून थोडा वेळ थंड होऊ दे, मग पाणी उपस. तापलेला हीटर उघडा पडला की काच फुटते. आणि जाळी, स्पंज, नळी एका घरातून दुसऱ्या घरात तशीच न्यायची नाही. मिठाच्या किंवा पोटॅशियम परमँगनेटच्या पाण्यात बुडवून, वाळवून. एका घरचा व्हाइट स्पॉट पाच घरांत पोचवणारा माणूस तूच असशील आणि तुला कळणारही नाही. मी प्रत्येक ग्राहकाची जाळी त्याच्याच घरी ठेवतो. शंभर रुपयांत भागतं.

वऱ्हाडी_ठेचा

नागपुरात या बॉ, मग समजंल धंदा काय अस्ते! मे महिन्यात टाकीचं पाणी ३५ ले टेकते. पाणी जितकं गरम तितका त्यात ऑक्सिजन कमी मावते. २५ अंशाले लिटरमांगं आठ मिलिग्रॅमच्या वर, ३५ ले सातच्या आसपास. आन् उन्हानं माशाची भूक आन् श्वास दोन्ही वाढते. मंग लोक बर्फाचे खडे टाकतेत टाकीत. एकदम टाकू नोका. झाकण काढा, पाण्यावर छोटा पंखा सोडा, दोन-तीन अंश उतरते. खाणं कमी करा. पीएच जास्त असलेल्या बोरच्या पाण्यात अमोनिया अजून जास्त विषारी होते, थे ध्यानात ठेवा.

आन् लाइट गेली की डब्यातला फिल्टर तीन-चार तास बंद राहते, आतलं पाणी सडते. लाइट आल्यावर तसाच चालू केला तं सगळी घाण टाकीत. आधी त्यातलं पाणी बाहेर फेका.

पेडणेकर

गोव्यातून. फर्स्टशिफ्टनं गोड्या पाण्यापुरतंच ठरवलंय ते शहाणपणाचं. इथे हॉटेलांत खाऱ्या पाण्याच्या टाक्या असतात, दिसायला स्वर्ग. पण मीठ मोजून १.०२५ घनतेवर ठेवायचं, बाष्पीभवन झालं की गोडं पाणी घालायचं, मीठ पुन्हा नाही, आणि वीज गेली की सगळा कारभार काही तासांत आटोपतो. पावसाळ्यात आमच्याकडे वीज केव्हा जाते हे विचारू नका, केव्हा येते ते विचारा.

आठअधिकएक

आमच्याकडे वास्तूसाठी दोन फुटी टाकी आहे. आठ सोनेरी आणि एक काळा. मासा मेला तर घरावरचं संकट त्यानं अंगावर घेतलं असं मानतात. तेव्हा मासा मेला म्हणून आम्ही कुणाकडे भरपाई मागितली नाही कधी.

कडूकिराईत

फर्स्टशिफ्ट, हेच ग्राहक धर! मासा मेला तर बोनस.

गप्पीवाला

हसू नका, माझे निम्मे ग्राहक वास्तूमुळे आलेत. पण गोल्डफिश दोन फुटी टाकीत नऊ? तो वीतभर वाढणारा मासा आहे, घाणही तेवढीच करतो. संकटं वारंवार का येतात याचं उत्तर तिथे आहे. :)

आठअधिकएक

घरच्यांना सांगून बघते. उत्तर माहीत आहे.

उजनीकाठचा

मी इंदापूर तालुक्यातला. धाग्याशी थेट संबंध नाही, पण टाक्या सांभाळणाऱ्यांनी ऐकावंच असं.

टाकीतलं शेवाळ खातो म्हणून तो सकर मासा लोक बोटाएवढा आणतात. तो फूट-दीड फूट होतो. मग 'जीव आहे, मारायचा कसा' म्हणून नदीत सोडतात. उजनीच्या पाण्यात तो आता एवढा झालाय की आमच्या लोकांच्या जाळ्यात दुसऱ्या माशांऐवजी तोच येतो. अंगावर काटेरी कवच, जाळी फाटतात, बाजारात कुणी घेत नाही. काठावर फेकून देतात, ढीग पडतात.

तुम्हाला प्रत्येक घरात असा एक मासा भेटणार आणि मालक म्हणणार, 'तुम्हीच घेऊन जा आणि गोदावरीत सोडा.' कृपा करून सोडू नका.

फर्स्टशिफ्ट

@उजनीकाठचा, हे करारातच घालतो: नको असलेला मासा मी नेईन, पण नदीत किंवा धरणात सोडणार नाही. मोठ्या टाकीवाला कुणी मिळाला तर त्याला, नाहीतर दुकानदाराला.

एक प्रश्न. एका घरी कासव आहे, पाठीवर पिवळ्या चांदण्या. ते म्हणतात यालाही बघा.

गप्पीवाला

बघू नकोस. चांदणी कासव वन्यजीव संरक्षण कायद्यात येतं, घरात ठेवणं गुन्हा आहे. त्यांना वनविभागाशी बोलायला सांग आणि तोवर त्या घरचं काम घेऊ नकोस. पाण्यातलं, कानशिलावर लाल पट्टा असलेलं कासव असतं ते परदेशी. पण तेही नदीत सोडायचं नाही.

दातदुखी

मूळ प्रश्न राहिलाच. मासा मेला तर कुणी भरायचा? माझ्या मते सेवा देणाऱ्यानं भेटीनंतर ४८ तासांची जबाबदारी घ्यावी. मी भिंत रंगवून घेतली आणि परवा पापुद्रे निघाले तर रंगाऱ्यालाच बोलावतो.

गप्पीवाला

नाही पटलं डॉक्टर. भिंतीला कुणी रात्री पोळीचे तुकडे खायला घालत नाही. माझ्या एका ग्राहकाकडे आजोबा पहाटे, सून सकाळी आणि नातू शाळेतून आल्यावर, तिघंही मनोभावे मासे जेवू घालतात आणि एकमेकांना सांगत नाहीत. ४८ तास माझे कसे? तुम्ही दात काढल्यावर पेशंटनं त्याच संध्याकाळी चिकन लेगपीस खाल्ला तर?

दातदुखी

त्यालाही मीच बघतो. फुकट. मात्र ओरडतो.

हिशेबनीस

मधला मार्ग असा. भरपाई पैशात द्यायचीच नाही, भेटीत द्यायची. ४८ तासांत मासा मेला तर तू फुकट येशील, पाणी तपासशील, काय झालं ते लेखी सांगशील. माशाची किंमत कधीही नाही, कारण पाचशेच्या भेटीवर पंचवीस हजारांचा अरोवाना सांभाळणारा पहिल्याच अपघातात बसतो. असा महागडा मासा असेल तर दर वेगळा, किंवा सरळ नकार.

दातदुखी

हे चालेल. मला पैसे नको असतात, कुणीतरी फोन उचलावा एवढंच असतं.

फर्स्टशिफ्ट

सगळ्यांचे आभार. आत्तापुरतं ठरलं ते लिहितो.

दोन फुटी टाकी ४००, चार फुटी ७००, महिन्याला दोन भेटी, तीन महिन्यांचे पैसे आगाऊ. वर्षाचा करार नाही. वर्षभर ते मला आणि मी त्यांना सहन करू की नाही ते आधी कळू दे. तपासणीची पहिली भेट वेगळी, ३००. सामान त्यांनी कुठूनही घ्यावं; मी आणलं तर दुकानाच्या पावतीच्या किमतीला, वर काही लावणार नाही. (कुर्लेकर, रागावू नका. अजून तेवढी हिंमत नाही.) ४८ तासांचा हिशेबनीस यांचा नियम जसाच्या तसा. आठच टाक्या घेणार, सगळ्या स्कूटरनं दहा मिनिटांच्या आत. नेमणूकपत्रात तसं वाक्य निघालं, एचआरला अर्ज दिलाय. त्यांचं उत्तर येईपर्यंत चहा-पोहे.

कुर्लेकर

रागावलो नाही. वर्षभरानं विचारेन.

कडूकिराईत

एचआरच्या घरी टाकी आहे का बघ.

सिडकोवासी

माफ करा, मध्येच घुसतोय. धागा आत्ताच सापडला. इकडे दोन दिवस धो धो पाऊस आहे, नळाला गढूळ पाणी. टाकी घाण दिसली म्हणून तासाभरापूर्वी निम्मं पाणी बदललं, थेट नळाचं. आता सगळे मासे वर येऊन तोंड उघडझाप करतायत. काय करू?

गप्पीवाला

पाणी गढूळ झालं की महापालिका क्लोरीन वाढवते. घरात हायपो आहे? असेल तर पाकिटावरच्या मापानं, बदललेल्या नाही तर सगळ्या टाकीच्या पाण्याच्या हिशेबानं, विरघळवून घाला. एअर पंप पूर्ण जोरात. खायला अजिबात नको. आता पुन्हा नळाचं पाणी घालू नका.

सिडकोवासी

हायपो नाही. दुकानं बंद झाली.

गप्पीवाला

दोन दिवस आधी भरून ठेवलेलं पाणी घरात असेल, पिंप, बादल्या, काहीही, ते हळूहळू घालून टाकीतलं तेवढंच काढा. पिण्याच्या आरओचं पाणीही आत्ता थोडं चालेल. टाकीतलंच पाणी मगनं उंचावरून परत ओतत राहा. फर्स्टशिफ्ट, तू जवळ आहेस ना?

फर्स्टशिफ्ट

जवळच आहे. पत्ता इथे टाकू नका, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. हायपो घेऊन निघतो.

कडूकिराईत

आधी दर सांग!

मृण्मयी_आणि_मंडळी

टॉवेल घ्या.